प्रसूतिगृहाचा वार्षिक अहवाल वाचताना मातेची काळजी कुठे शोधावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्या एका प्रसूतिगृहाच्या व्यवस्थापन समितीवर नव्याने आल्या आहेत आणि त्यांची पार्श्वभूमी वैद्यकीय नाही. त्यांच्यासमोर आलेल्या वार्षिक अहवालात चार गोष्टी ठळक अक्षरांत छापल्या आहेत: वर्षभरात सुमारे ४,००० प्रसूती, सिझेरियनचे प्रमाण ३४ टक्के, मातामृत्यू शून्य आणि गेल्या वर्षीपेक्षा प्रसूतींच्या संख्येत वाढ. एवढ्यावरून मातांची काळजी चांगली घेतली जाते असे म्हणता येईल का, आणि म्हणता येत नसेल तर बैठकीत नेमके काय विचारावे, असे त्या विचारतात.

प्रसूतिशास्त्रात बरीच वर्षे काम केल्यावर आणि असे अहवाल स्वतः लिहिल्यावर माझे मत असे झाले आहे की या चार आकड्यांवरून रुग्णालय किती चालते हे कळते, पण बाळंतिणीकडे कसे पाहिले जाते हे जवळजवळ कळत नाही. काळजी म्हणजे धोका लक्षात येण्याचा क्षण आणि उपचार सुरू होण्याचा क्षण यांच्यामधला वेळ होय. अहवालात हा वेळ कुठे दिसतो का, आणि मोजणीतून कोणत्या स्त्रिया निसटल्या आहेत, या दोन गोष्टी मी सर्वांत आधी शोधते. पुढचे सगळे विवेचन याच दोन गोष्टींभोवती आहे.

सुरुवात शून्यापासून करू, कारण समितीच्या बैठकीत टाळ्या त्याच आकड्याला मिळतात. गरोदरपणात किंवा गर्भारपण संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गर्भारपणामुळे अथवा त्याने बळावलेल्या आजारामुळे झालेला मृत्यू म्हणजे मातामृत्यू, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. अपघाती किंवा पूर्णपणे असंबद्ध कारणांनी झालेले मृत्यू त्यातून वगळले जातात. आता २०२३ सालचा जागतिक अंदाज एक लाख जिवंत जन्मांमागे १९७ मातामृत्यू असा आहे, तर उच्च उत्पन्नाच्या देशांत हेच प्रमाण सुमारे १० आहे. ज्या रुग्णालयातला धोका लाखामागे १० आहे तिथे ४,००० प्रसूतींमागे सरासरी ०.४ मृत्यू अपेक्षित असतो, म्हणजे तीन वर्षांपैकी दोन वर्षे तिथे शून्यच दिसेल. ज्या रुग्णालयातला धोका याच्या पाचपट, म्हणजे लाखामागे ५० आहे, तिथे वर्षाला सरासरी दोन मृत्यू अपेक्षित असतात. तरीही साधारण सात-आठ वर्षांतून एखादे वर्ष केवळ योगायोगाने शून्याचे जाईल. मृत्यू एकही नोंदला गेला नसेल तेव्हा तीनला एकूण प्रसूतींनी भागले की धोक्याची कमाल मर्यादा ढोबळमानाने मिळते. तुमच्या बाबतीत ती लाखामागे ७५ इतकी येते. शून्याचा खरा अर्थ एवढाच की धोका बहुधा ७५ पेक्षा कमी असावा. तो १० आहे की ६० आहे, हे एका वर्षाचा आकडा सांगूच शकत नाही. म्हणून निदान पाच वर्षांचे आकडे एकत्र मागावेत.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की प्रकृती ढासळलेली बाळंतीण जेव्हा मोठ्या रुग्णालयात पाठवली जाते, तेव्हा तिचे पुढे काय झाले हे या अहवालात येते का? बहुतेक ठिकाणी येत नाही. ती इथे बाळंत झाली म्हणून प्रसूतींच्या संख्येत मोजली जाते, पण तिचा मृत्यू दुसऱ्या संस्थेच्या नावावर जातो. ही पळवाट जुनी आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४०च्या दशकात दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात ११ टक्क्यांहून अधिक बाळंतिणी दगावल्या, तर दुसऱ्यात ३ टक्क्यांहून कमी. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या हातांवाटे बाळंतज्वराचा हा आजार पसरतो, हे तिथले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांच्या लक्षात आले. मे १८४७ पासून त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली आणि १८४८ मध्ये पहिल्या विभागातले मृत्यू सव्वा टक्क्याच्या आसपास आले. ही कथा सर्वांना ठाऊक असते. तिचा एक उपभाग मात्र फारसा सांगितला जात नाही: आजारी पडलेल्या काही बाळंतिणींना सामान्य रुग्णालयाच्या विभागात हलवले जाई आणि त्यांचे मृत्यू प्रसूतिविभागाच्या खात्यात पडत नसत, त्यामुळे दोन विभागांतले प्रत्यक्ष अंतर अहवालात दिसे त्याहून मोठे होते. पावणेदोनशे वर्षांनंतरही हाच प्रश्न विचारावा लागतो, म्हणून तुमच्या यादीतली पहिली मागणी हीच असू द्या: वर्षभरात किती गरोदर स्त्रिया व बाळंतिणी बाहेर पाठवल्या, कोणत्या कारणाने, निर्णय झाल्यापासून किती वेळात त्या निघाल्या आणि त्या प्रत्येकीचे शेवटी काय झाले. शेवटचा रकाना रिकामा असेल तर मातामृत्यूच्या शून्याला मी फारशी किंमत देणार नाही.

मृत्यू इतके विरळ असतात की त्यांवरून वर्षावर्षांतला फरक कळत नाही. म्हणूनच गेल्या दोन दशकांत मृत्यूच्या दारातून परतलेल्या मातांची नोंद करण्याची पद्धत रुजली. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी निकष ठरवून दिले आहेत. रक्तस्राव किंवा संसर्गामुळे गर्भाशय काढावे लागणे, लाल पेशींच्या पाच किंवा अधिक पिशव्या द्याव्या लागणे, मूत्रपिंडे अचानक निकामी झाल्याने डायलिसिस लागणे, भुलीशी संबंध नसताना तासभर किंवा अधिक कृत्रिम श्वसनावर राहणे, हृदय बंद पडून ते पुन्हा सुरू करावे लागणे, हे त्यांतले काही. अशा मातांची संख्या मृत्यूंच्या अनेक पट असते आणि त्या जिवंत असल्यामुळे आपली हकीकतही सांगू शकतात. ज्या अहवालात मातामृत्यू शून्य आणि अशा गंभीर मातांचा उल्लेखही नाही, तिथे गंभीर माता नव्हत्याच असे मानण्यापेक्षा त्या मोजल्या गेल्या नाहीत असे मानणे अधिक सुरक्षित आहे.

आता रक्तस्रावाकडे येते आणि इथे थोडी थांबणार आहे, कारण जगभरात मातांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे एकच कारण हेच आहे आणि कामाचा दर्जा सर्वांत स्पष्ट दिसतो तोही इथेच. नैसर्गिक प्रसूतीनंतर २४ तासांत ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त गेले तर त्याला प्रसूतीपश्चात अतिरक्तस्राव म्हणण्याची रूढ पद्धत आहे. अडचण अशी की चादरी, कापूस आणि फरशीवर पसरलेले रक्त नजरेने आजमावले की अंदाज बहुधा कमी येतो, आणि रक्त जितके जास्त तितकी चूक मोठी. पंपासारखे वाहणारे रक्त कोणाच्याही लक्षात येते. दोन तास थेंबथेंब झिरपत राहणारे रक्त लक्षात येत नाही, आणि घात तेच करते.

केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० रुग्णालयांना सामावून घेणारी ई-मोटिव्ह ही चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात दोन लाखांहून अधिक नैसर्गिक प्रसूतींचा समावेश होता. निम्म्या रुग्णालयांत बाळंतिणीखाली मापाच्या रेघा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावून रक्त मोजले गेले, आणि ठरावीक रेघ ओलांडताच गर्भाशयाचे मर्दन, गर्भाशय आकसवणारी औषधे, रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, शिरेतून सलाइन आणि रक्तस्रावाच्या कारणाची तपासणी ही सगळी पावले एकेकाचा परिणाम पाहत न थांबता एकदमच उचलली गेली. उरलेल्या रुग्णालयांत नेहमीची पद्धत चालू राहिली. नव्या पद्धतीत अतिरक्तस्राव झालेल्या ९३ टक्के स्त्रियांमध्ये तो ओळखला गेला, जुन्या पद्धतीत केवळ ५१ टक्क्यांमध्ये. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोटावर करावी लागणारी शस्त्रक्रिया किंवा त्यामुळे झालेला मृत्यू, यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. यांतले एकही औषध नवे नव्हते. नवे होते ते मोजणे आणि मोजल्यावर कोणाच्या परवानगीची वाट न पाहणे.

यावरून अहवाल वाचण्याचा एक उलटा वाटणारा नियम निघतो. तुमच्या अहवालात अतिरक्तस्रावाचे प्रमाण अर्धा टक्का दिले असेल तर आनंद मानू नका. प्रामाणिकपणे मोजणाऱ्या रुग्णालयांत ते बहुधा याच्या कित्येक पट निघते. मोजणी सुरू झाल्याच्या पहिल्या वर्षी आकडा वाढलेला दिसेल, आणि त्या वर्षी समितीने प्रसूतिकक्षावर ठपका ठेवला तर पुढच्या वर्षी तो पुन्हा खाली येईल, मात्र रक्तस्राव कमी झाल्याने नव्हे. विचारायचे ते असे: रक्त मोजले जाते की अंदाजले जाते? ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड पहिल्यांदा किती मिनिटांनी दिले गेले? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे २०,००० स्त्रियांच्या चाचणीत प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत हे औषध मिळालेल्या स्त्रियांमध्ये रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एकतृतीयांशाने घटले, तीन तासांनंतर दिल्यास फायदा दिसला नाही. पुढच्या विश्लेषणात दर १५ मिनिटांच्या उशिरामागे फायदा सुमारे १० टक्क्यांनी कमी होत जातो असे आढळले. रक्ताची पिशवी मागितल्यापासून ती खाटेपाशी येईपर्यंत किती वेळ जातो, हाही आकडा मागण्यासारखा आहे. तो काढायला कोणी तयार होत नाही, कारण रक्तपेढी आणि प्रसूतिकक्ष यांची रजिस्टरे वेगळी असतात.

आणि एक अगदी लहान वाटणारी गोष्ट. बाळ जन्मल्याबरोबर मातेला ऑक्सिटोसिन या गर्भाशय आकसवणाऱ्या औषधाची १० युनिटे देणे हा रक्तस्राव टाळण्याचा सर्वांत चांगला उपाय आहे, पण हे औषध २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे लागते. उष्णतेत त्याचा गुण उतरतो आणि कुपीकडे पाहून ते कळत नाही. प्रसूतिकक्षातल्या फ्रीजच्या तापमानाची वही नियमित भरली जाते का, हे समितीतल्या बिगरवैद्यकीय सदस्यालाही पाच मिनिटांत पाहता येते. मला विचाराल तर अहवालातल्या रंगीत आलेखांपेक्षा ती वही मी आधी उघडेन.

रक्तदाबाचे आजार हे दुसरे मोठे कारण. इथेही प्रश्न वेळेचाच आहे. वरचा रक्तदाब १६० किंवा खालचा ११० यांच्यापुढे गेला आणि टिकून राहिला, तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून असा रक्तदाब आढळल्यापासून ३० ते ६० मिनिटांच्या आत पहिले औषध जायला हवे. झटके येऊ नयेत म्हणून दिले जाणारे मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त आणि जुने औषध आहे. ३३ देशांतल्या १०,०००हून अधिक स्त्रियांवर झालेल्या मॅगपाय चाचणीने २००२ मध्ये दाखवून दिले की त्यामुळे झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक घटतो. तरीही काही ठिकाणी ते देण्याची भीती वाटते, कारण मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावू शकतो. गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वासाची गती आणि लघवीचे प्रमाण तपासत राहणे आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवणे एवढीच त्यावरची खबरदारी आहे. अहवालात झटके आलेल्या मातांची एकच एकत्र संख्या देऊ नये. दाखल होण्यापूर्वी ज्यांना झटके आले त्या वेगळ्या आणि दाखल झाल्यानंतर ज्यांना आले त्या वेगळ्या लिहाव्यात. पहिली संख्या परिसरातल्या गरोदरपणीच्या तपासणीबद्दल बोलते, दुसरी तुमच्या वॉर्डाबद्दल.

जंतुसंसर्गाबाबत थोडक्यात सांगते. सिझेरियनच्या वेळी प्रतिजैविक छेद घेण्यापूर्वी द्यावे, नाळ कापेपर्यंत थांबू नये, हे आता पक्के झाले आहे, आणि किती टक्के शस्त्रक्रियांत ते वेळेवर दिले गेले हे नोंदवणे सोपे आहे. जखमेच्या संसर्गाचा आकडा मात्र सावधपणे वाचावा, कारण टाक्यांची जखम बहुधा घरी गेल्यावर चिघळते. डिस्चार्जनंतर पाठपुरावा न करणाऱ्या रुग्णालयात हे प्रमाण नेहमीच देखणे असते.

आता सिझेरियनच्या ३४ टक्क्यांकडे वळते. या एका आकड्यावर जितकी चर्चा होते तितकी ती निष्फळ ठरते. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत १० ते १५ टक्क्यांहून अधिक सिझेरियनचे समर्थन होत नाही असे मत मांडले गेले आणि ते वाक्य पुढे तीस वर्षे प्रत्येक रुग्णालयाच्या माथी मारले गेले. २०१५ मध्ये त्याच संघटनेने स्पष्ट केले की संपूर्ण लोकसंख्येच्या पातळीवर सिझेरियनचे प्रमाण १० टक्क्यांपलीकडे गेल्यावर माता व नवजात मृत्यूंत आणखी घट होताना दिसत नाही. मात्र विशिष्ट टक्केवारी गाठण्याचा अट्टहास करू नये, ज्या स्त्रीला गरज आहे तिला ती शस्त्रक्रिया मिळावी. ज्या रुग्णालयात आजूबाजूच्या सगळ्या अवघड केसेस येतात तिथे ३४ टक्के हे कमीही असू शकतात, आणि जिथे निरोगी पहिलटकरणीच येतात तिथे ते फारच जास्त ठरतात.

या गोंधळातून वाट काढण्यासाठी मायकल रॉबसन या प्रसूतितज्ज्ञांनी २००१ मध्ये दहा गटांची एक वर्गवारी मांडली, आणि २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटना तीच वापरण्याची शिफारस करते. पहिलटकरीण आहे की आधी बाळंत झालेली, पूर्वी सिझेरियन झाले आहे का, बाळ एकच आहे की जुळे, डोक्याकडून आहे, पायाळू आहे की आडवे, दिवस पूर्ण भरले आहेत का, आणि कळा आपोआप सुरू झाल्या की आणवल्या की त्यापूर्वीच शस्त्रक्रिया झाली, एवढ्या माहितीवर प्रत्येक स्त्री कोणत्या तरी एकाच गटात बसते. पहिल्या गटात दिवस भरलेल्या, डोक्याकडून एकच बाळ असलेल्या आणि कळा आपोआप सुरू झालेल्या पहिलटकरणी येतात. चांगल्या ठिकाणी या गटातले सिझेरियन १० टक्क्यांच्या आसपास राहते. तिसरा गट अशाच, पण पूर्वी नैसर्गिक रीतीने बाळंत झालेल्या स्त्रियांचा. तिथे ते ३ टक्क्यांच्या पुढे जायला नको. पाचवा गट पूर्वी सिझेरियन झालेल्यांचा, आणि अनेक रुग्णालयांत एकूण सिझेरियनमधला सर्वांत मोठा वाटा त्याचाच असतो.

समजा, दोन रुग्णालयांत सारखेच ३४ टक्के सिझेरियन होते. एका ठिकाणी पहिल्या गटात ९ टक्के आहे, पण पाचव्या गटातल्या स्त्रियाच फार मोठ्या संख्येने येतात. दुसऱ्या ठिकाणी पाचवा गट लहान आहे, पण पहिल्या गटात ३० टक्के आहे. पहिल्या रुग्णालयाला बहुधा पूर्वी इतरत्र झालेल्या शस्त्रक्रियांचे ओझे वाहावे लागते. दुसऱ्यात मात्र कळा धीराने पाहिल्या जात नाहीत, किंवा बाळाच्या ठोक्यांच्या आलेखाचा अर्थ घाईने लावला जातो, किंवा रात्री थांबायला कोणी नसते म्हणून संध्याकाळीच निर्णय होतो. यांतले काय घडते आहे ते शोधावे लागेल. त्या रुग्णालयाने आज केलेले अनावश्यक सिझेरियन पुढच्या बाळंतपणात पाचव्या गटात येणारच, आणि वारेची जागा चुकण्याचा व ती जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका दर शस्त्रक्रियेगणिक वाढत जातो. वार गर्भाशयाच्या तोंडाशी असेल तर ती रुतलेली निघण्याची शक्यता पहिल्या सिझेरियनच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्याच्या वेळी ११ आणि तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के इतकी आढळली आहे. अशा शस्त्रक्रियेत अनेकदा गर्भाशयच काढावे लागते.

या वर्गवारीचा आणखी एक उपयोग मला फार आवडतो. नववा गट आडव्या बाळांचा आहे. त्याचा आकार एकूण प्रसूतींच्या १ टक्क्याहून कमी असावा आणि त्यातले सिझेरियन शंभर टक्के असावे, कारण आडवे बाळ तसेच खालून जन्माला येऊ शकत नाही. तुमच्या तक्त्यात नवव्या गटातले सिझेरियन ७० टक्के दिसले तर ते कौशल्य नव्हे, नोंदी चुकल्या आहेत. मग बाकीच्या तक्त्यावरही त्याच बेताने विश्वास ठेवावा.

कळा धीराने पाहणे म्हणजे काय, हेही गेल्या काही वर्षांत बदलले आहे. गर्भाशयाचे तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, या जुन्या नियमावर अनेक पिढ्यांचे पार्टोग्राफ, म्हणजे कळांच्या प्रगतीचे आलेख, आखले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो नियम प्रत्येक स्त्रीला लावणे चुकीचे ठरवले आणि कळांची वेगवान अवस्था पाच सेंटिमीटरपासून मानायला सांगितले. त्याच सूचनांत प्रत्येक स्त्रीला तिच्या पसंतीची सोबत मिळावी असेही म्हटले आहे. प्रसूतिकक्षात आई, बहीण, नवरा किंवा मैत्रीण सोबत असलेल्या स्त्रियांमध्ये नैसर्गिक प्रसूती अधिक होतात, कळा थोड्या लवकर संपतात आणि अनुभवही कमी कडू राहतो, हे चाचण्यांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. याला यंत्र लागत नाही. पडदे, एक खुर्ची आणि कर्मचाऱ्यांची तयारी लागते. म्हणून किती टक्के स्त्रियांना सोबत मिळाली, किती जणींना योनिमार्गाच्या तोंडाशी छेद द्यावा लागला आणि त्यापूर्वी त्यांची संमती घेतली का, वेदनाशमन मागितलेल्यांपैकी कितींना मिळाले, हे आकडे मी मृत्यूंच्या तक्त्याशेजारीच छापायला सांगेन. बाळंतिणीशी ओरडून बोलणे किंवा तिला न विचारता तपासणे ही केवळ शिष्टाचाराची बाब नाही. अपमान झालेली स्त्री पुढच्या वेळी उशिरा येते, आणि उशिरा आलेल्या स्त्रीला होणारा रक्तस्राव आवरणे कठीण जाते.

प्रश्न मातेविषयी आहे, तरी बाळाचा एक आकडा इथे घ्यावाच लागतो, कारण प्रसूतिकक्षातल्या लक्षाचा तो सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे. मृत जन्मांची एकूण संख्या फारसे सांगत नाही, कारण त्यांतले बरेच बाळ आई दाखल होण्यापूर्वीच गेलेले असते. दाखल होताना ज्याचे ठोके ऐकू येत होते आणि ज्याचे वजन अडीच किलो किंवा अधिक होते, असे बाळ कळांच्या दरम्यान किंवा जन्मानंतर पहिल्या दिवसात दगावले तर ती गोष्ट वेगळी. अशी किती बाळे गेली, आणि त्यांतली किती रात्रपाळीत किंवा सुटीच्या दिवशी गेली, एवढे विचारा. या उत्तरातून कर्मचाऱ्यांच्या वेळापत्रकाविषयी जे कळते ते दुसऱ्या कोणत्याही तक्त्यातून कळत नाही.

डिस्चार्जनंतर काय होते याबाबत बहुतेक अहवाल मूक असतात, आणि माझ्या मते ही त्यांची सर्वांत मोठी उणीव आहे. वर दिलेली व्याख्या ४२ दिवसांची आहे, पण बाळंतीण आपल्याकडे राहते ती दोन-चार दिवस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या सूचनांनुसार नैसर्गिक प्रसूतीनंतर निदान २४ तास रुग्णालयात काळजी मिळावी, आणि पुढे ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान, ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान आणि सहाव्या आठवड्यात अशा किमान तीन भेटी व्हाव्यात. रक्तदाब बाळंतपणानंतरच्या तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमाराला पुन्हा चढू शकतो. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो. हृदयाच्या स्नायूंचा दुबळेपणा याच काळात दिसू लागतो आणि धाप लागणे म्हणजे थकवा समजून तो दुर्लक्षिला जातो. मनाच्या आजाराचेही तसेच. ब्रिटनमधील मातामृत्यू चौकशीच्या अलीकडच्या अहवालांत सहा आठवडे ते एक वर्ष या काळातल्या मृत्यूंमध्ये आत्महत्या हे अग्रक्रमाचे कारण ठरले आहे. नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली काही मिनिटांत भरून होते, पण गुण जास्त आल्यावर त्या स्त्रीला कोणाकडे पाठवायचे हे आधी ठरलेले नसेल तर ती भरून घेण्यात अर्थ नाही. किती बाळंतिणींची सहाव्या आठवड्यातली भेट झाली हा एकच आकडा पुढच्या अहवालात आला, तरी मी ते वर्ष चांगले मानेन.

चांगला वार्षिक अहवाल कसा असतो, याचे उदाहरण हवे असेल तर डब्लिनकडे पाहावे. तिथले रोटुंडा हे प्रसूतिगृह १७४५ मध्ये बार्थोलोम्यू मॉस यांनी सुरू केले. तिथल्या प्रमुखाला ‘मास्टर’ म्हणतात आणि त्याची मुदत सात वर्षांची असते, त्यामुळे प्रत्येकाच्या कारकिर्दीचे आकडे आपोआप आधीच्याच्या शेजारी उभे राहतात. डब्लिनच्या प्रसूतिगृहांनी आपले वैद्यकीय अहवाल दरवर्षी प्रसिद्ध करण्याची आणि व्यवसायबंधूंच्या सभेत ते चर्चेला ठेवण्याची प्रथा दीर्घकाळ जपली आहे. रॉबसन यांनीही त्याच शहरातल्या राष्ट्रीय प्रसूति रुग्णालयात काम केले, हा निव्वळ योगायोग नसावा. दुसरे उदाहरण इंग्लंड व वेल्समधल्या गोपनीय चौकशीचे. १९५२ पासून तिथे प्रत्येक मातामृत्यूची कागदपत्रे नावे झाकून तज्ज्ञांसमोर ठेवली जातात, कोणाला शिक्षा करण्याचा हेतू न ठेवता काय टाळता आले असते ते लिहिले जाते आणि निष्कर्ष सर्वांसाठी छापले जातात. तुमच्या रुग्णालयातही गंभीर झालेल्या प्रत्येक मातेवर अशी बैठक होते का, तिच्यात रात्रपाळीची परिचारिका आणि भूलतज्ज्ञ बसतात का, आणि मागच्या बैठकीत ठरलेल्या गोष्टी अमलात आल्या का, हे विचारा. ज्या बैठकीतून फक्त ‘नातेवाइकांनी उशीर केला’ असा निष्कर्ष निघतो, ती माझ्या लेखी झालीच नाही. उशीर घरी निर्णय घेण्यात होतो, वाटेत होतो आणि रुग्णालयाच्या दारातून आत आल्यावरही होतो. तिसऱ्या उशिराची मिनिटे आपल्याच घड्याळात मोजलेली असतात.

राहिला शेवटचा ठळक आकडा, प्रसूतींच्या संख्येतल्या वाढीचा. ती चांगली की वाईट हे मनुष्यबळावर अवलंबून आहे. वर्षाला ४,००० म्हणजे दिवसाला सरासरी ११ प्रसूती, आणि वेळापत्रके याच सरासरीवर आखली जातात. पण कळा सरासरी पाहून सुरू होत नाहीत. शक्यतेच्या साध्या हिशेबाने वर्षातून दहा-बारा दिवस तरी १८ किंवा अधिक प्रसूती होणार, आणि जवळपास तितकेच दिवस पाच किंवा त्याहून कमी. १८ प्रसूतींच्या रात्री दर पंधरा मिनिटांनी बाळंतिणीची नाडी, रक्तदाब आणि गर्भाशयाचा कडकपणा पाहणारे हात कुठून येणार, दुसरे सिझेरियन त्याच वेळी निघाले तर दुसरा भूलतज्ज्ञ आणि दुसरी टेबल-नर्स किती मिनिटांत पोहोचणार, याचे लेखी उत्तर प्रशासनाकडून मागा. प्रसूती दहा टक्क्यांनी वाढल्या आणि प्रसूतिकक्षातल्या परिचारिका तेवढ्याच राहिल्या असतील, तर अहवालातली ती ओळ अभिनंदनाच्या पानावरून काढून पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात नव्या पदांच्या मागणीसोबत जोडायला सांगा.